स्टेबल प्रक्रियांचा महत्तम किती वेगाने वाढतो, आणि त्यावरून स्मृती कशी ओळखायची

घातांक (धागाकर्ता)

स्टेबल वितरण म्हणजे स्वतंत्र चलांची बेरीज घेतली तरी ज्याचा आकार तोच राहतो ते, आणि त्याची शेपूट किती जड हे अल्फा ठरवतो. अल्फा २ पेक्षा कमी झाला की या वितरणाला व्हेरिअन्स उरत नाही. मग कोव्हेरिअन्स किती हळू विझतो यावरून प्रक्रियेची स्मृती लांब की आखूड हे ठरवायची नेहमीची पद्धतही हातातून जाते. अशा दोन स्टेशनरी (काळ सरकवला तरी वितरण न बदलणाऱ्या) प्रक्रिया समोर ठेवल्या तर कुणाची स्मृती लांब, हे कशावरून सांगायचं? माझ्या मते सर्वांत चोख निकष महत्तमाचा आहे: पहिल्या न निरीक्षणांतलं सर्वांत मोठं मूल्य न बरोबर कोणत्या दराने वाढतं. या धाग्यात त्याची गणितं, उदाहरणं आणि सिम्युलेशनमधल्या अडचणी एका जागी याव्यात, एवढाच हेतू.

आधी चिन्हं ठरवू. सगळ्या प्रक्रिया सममित अल्फा-स्टेबल, अल्फा ० आणि २ च्या मध्ये. म(न) म्हणजे पहिल्या न मूल्यांच्या निरपेक्ष किमतींतली सर्वांत मोठी. स्केल १ असलेल्या एका चलाची शेपूट अशी: निरपेक्ष किंमत क्ष पेक्षा मोठी असण्याची शक्यता ≈ क · क्ष^(−अल्फा). हा क अल्फावरच ठरतो. अल्फा = १ (कोशी) असताना २/पाय, अल्फा = १.५ असताना १/√(२पाय), म्हणजे ०.३९९.

मूल्यं स्वतंत्र असतील तर म(न) ला न^(१/अल्फा) ने भागायचं, फ्रेशे वितरण मिळतं: शक्यता(म(न) ≤ न^(१/अल्फा) · क्ष) → ई^(−क · क्ष^(−अल्फा)). आकड्यांत पाहा. कोशीची १००० स्वतंत्र मूल्यं घेतली तर म(न) चा मध्यक सुमारे ९१८. अल्फा = १.५ आणि न = १०,००० असेल तर सुमारे ३२१. प्रमाण नॉर्मलच्या १०,००० मूल्यांत हाच मध्यक ४ च्या आसपास असतो.

आता परस्परावलंबन. प्रत्येक अशी प्रक्रिया यादृच्छिक स्टेबल मेझरवरच्या इंटिग्रलने लिहिता येते: क्ष(क) = ∫ फ(क, स) मे(दस). इथे क म्हणजे क्षण, वरचा शेपटीचा स्थिरांक नव्हे. प्रक्रिया स्टेशनरी असेल तर सगळे कर्नल फ(क, ·) एकाच मूळ फलनावर मेझरची जात न बदलणारं रूपांतर क वेळा लावून मिळतात. हे रूप यान रोसिन्स्की यांनी १९९५ मध्ये पक्कं केलं. त्या रूपांतराचं हॉप्फ विघटन केलं की प्रक्रियेचे दोन स्वतंत्र भाग पडतात. डिसिपेटिव्ह भागात प्रवाह प्रत्येक तुकड्यातून कायमचा निघून जातो, कन्झर्व्हेटिव्ह भागात तो परत परत येतो.

गेनादी सामोरोदनित्स्की यांनी २००४ मध्ये दाखवलं की महत्तमाच्या बाबतीत सीमारेषा नेमकी इथेच आहे. डिसिपेटिव्ह भाग शून्य नसेल तर म(न) स्वतंत्र मूल्यांसारखाच न^(१/अल्फा) ने वाढतो, फक्त आधीचा स्थिरांक बदलतो. प्रक्रिया पूर्ण कन्झर्व्हेटिव्ह असेल तर म(न)/न^(१/अल्फा) शून्याकडे जातो. प्रत्यक्ष दर काढण्यासाठी ही राशी लागते:

ब(न)^अल्फा = ∫ [ क = ० ते न−१ मधला |फ(क, स)| चा महत्तम ]^अल्फा मेझर(दस)

महत्तम इंटिग्रलच्या आत आहे, हे विसरू नका. तो बाहेर काढला तर स्टेशनरी असल्यामुळे कायम एकच आकडा मिळतो आणि स्मृतीची माहितीच निघून जाते.

ज्यांनी ब(न) हाताने काढून पाहिला आहे त्यांनी उदाहरणं द्यावीत.

अवकलिका

सर्वांत सोप्या, म्हणजे मूव्हिंग अ‍ॅव्हरेजपासून सुरू करते. क्ष(क) = Σ अ(ज) · झ(क−ज), झ स्वतंत्र, स्केल १. इथे ब(न)^अल्फा ≈ न · (सर्वांत मोठा |अ(ज)|)^अल्फा. म्हणजे सहगुणक कितीही असोत, सीमेत एकट्या सर्वांत मोठ्या सहगुणकाचं चालतं. कारण असं की जड शेपटीच्या बेरजेत मोठं मूल्य जवळजवळ नेहमी एकाच मोठ्या धक्क्यातून येतं, आणि तो धक्का पुढच्या न निरीक्षणांत कधीतरी सर्वांत मोठ्या सहगुणकाखाली येतोच.

पहिल्या क्रमाचं ऑटोरिग्रेशन घ्या, अ(ज) = रो^ज, रो = ०.८, अल्फा = १.५. सर्वांत मोठा सहगुणक १. म्हणून सीमेत या प्रक्रियेचा महत्तम नुसत्या झ च्या महत्तमाइतकाच. पण एका मूल्याचं स्केल मात्र (१ − रो^अल्फा)^(−१/अल्फा), म्हणजे २.३१ पट झालेलं असतं. कुणी डेटावरून स्केल काढून स्वतंत्र मूल्यांच्या सूत्रात घातलं तर महत्तमाचा अंदाज तेवढ्याच, २.३१ पटीने फुगतो. ही चूक फार सर्रास दिसते.

हा फरक भरून काढतो एक्स्ट्रीमल इंडेक्स: १ − रो^अल्फा = ०.२८४. त्याचा व्यस्त ३.५, म्हणजे मोठी मूल्यं एकेकटी न येता सरासरी साडेतीनच्या झुबक्याने येतात.

आता चिन्हाचा सापळा. घातांक यांनी निरपेक्ष किमती घेतल्या आहेत म्हणून वरचा हिशेब रो = −०.८ लाही तसाच चालतो. पण निरपेक्ष किंमत न घेता फक्त धन बाजूचा महत्तम हवा असेल तर धन आणि ऋण सहगुणकांतले सर्वांत मोठे वेगवेगळे धरून त्यांच्या अल्फा घातांची बेरीज घ्यावी लागते. रो = −०.८ ला तो इंडेक्स १ − |रो|^(२·अल्फा) = ०.४८८ येतो. एकाच प्रक्रियेचे दोन इंडेक्स, दोन्ही बरोबर. लिहिताना कोणता महत्तम घेतला ते आधी सांगा.

बिंदुमाला

एक शंका. लिनिअर फ्रॅक्शनल स्टेबल नॉइजमध्ये हर्स्ट घातांक एच (बेरजा किती वेगाने पसरतात ते सांगणारा) हा १/अल्फा पेक्षा मोठा असेल तर तिला सगळेच दीर्घस्मृती म्हणतात. तिचा महत्तम हळू वाढायला हवा ना?

घातांक (धागाकर्ता)

नाही. तिचा कर्नल (क+१−स) आणि (क−स) यांच्या (एच − १/अल्फा) घातांचा फरक आहे. घात हळू विझतो हे खरं, पण रचना मूव्हिंग अ‍ॅव्हरेजचीच राहते. रूपांतर म्हणजे वास्तव रेषेवर एकेक पाऊल सरकणं, आणि ते डिसिपेटिव्ह. म्हणून एच काहीही असो, म(न) न^(१/अल्फा) नेच वाढतो. एच चा परिणाम स्थिरांकात आणि झुबक्यांच्या आकारात दिसतो, दरात दिसत नाही.

एच वरून ठरवलेली दीर्घस्मृती बेरजांबद्दल सांगते. महत्तमावरून ठरवलेली स्मृती वेगळ्या गोष्टीबद्दल सांगते: एकच मोठा धक्का आयुष्यात किती वेळा परत येतो. दोन्ही एकच समजून लिहिलेले निष्कर्ष हमखास चुकतात.

बिंदुमाला

आभार, स्पष्ट झालं. मग खऱ्या कन्झर्व्हेटिव्ह उदाहरणाचा हिशेब मी मांडतो, कारण त्यात एक फार देखणी गोष्ट दडलेली आहे.

पूर्णांकांच्या जाळीवर साधी यादृच्छिक चाल घ्या. सुरुवातीचा बिंदू जाळीवर कुठेही असू शकतो आणि प्रत्येक बिंदूला वजन १, त्यामुळे एकूण मेझर अनंत. मार्गांच्या या अवकाशावर स्टेबल मेझर ठेवा आणि फ(क, मार्ग) = १ जर मार्ग क या क्षणी मूळबिंदूवर असेल, नाहीतर ०. रूपांतर म्हणजे मार्ग एक पाऊल पुढे सरकवणं. जाळीवरचं मोजणी-मेझर चालीला अचल असल्यामुळे प्रक्रिया स्टेशनरी येते.

आता ब(न). कर्नल ० किंवा १ च असल्यामुळे आतला महत्तमही ० किंवा १. ज्या मार्गांनी न पावलांत मूळबिंदू एकदा तरी गाठला त्यांचं एकूण मेझर म्हणजे ब(न)^अल्फा. ते काढायचं तर सगळ्या सुरुवातीच्या बिंदूंवर 'तिथून न च्या आत मूळबिंदू गाठण्याची शक्यता' यांची बेरीज करायची. चाल उलटी फिरवून पाहिली की ही बेरीज म्हणजे मूळबिंदूवरून निघालेल्या चालीने न क्षणांत भेट दिलेल्या वेगवेगळ्या बिंदूंची अपेक्षित संख्या! ड्वोरेत्स्की आणि एर्डश यांनी १९५१ मध्ये वरच्या मितींसाठी ही संख्या किती वाढते ते काढलेलं आहे. ते आयतं वापरता येतं.

एका मितीत: √(८न/पाय). न = १०,००० ला सुमारे १६०.
दोन मितींत: पाय·न / लॉग न. त्याच न ला अग्रपद सुमारे ३४११.
तीन मितींत: ०.६५९५·न, म्हणजे ६५९५. हा ०.६५९५ म्हणजे चाल मूळबिंदूवर कधीच परत न येण्याची शक्यता.

अल्फा = १.५ घेऊन २/३ घात केला तर ब(न) अनुक्रमे २९, २२७ आणि ३५२. स्वतंत्र मूल्यांसाठी हाच आकडा ४६४ असतो.

पोल्या यांनी १९२१ मध्ये सिद्ध केलं की एक आणि दोन मितींत चाल नक्की परतते, तीन मितींत परतेलच असं नाही. या प्रक्रियेच्या बाबतीत तोच सिद्धांत महत्तमाची सीमारेषा होऊन बसतो. तीन मितींत प्रवाह डिसिपेटिव्ह आणि दर पूर्ण न^(१/अल्फा). एका मितीत दर न^(१/(२·अल्फा)). आणि दोन मिती अगदी काठावर, फक्त लॉग न ने मागे. दोन मितींतला फरक न कितीही वाढवला तरी सिम्युलेशनच्या आलेखात डोळ्यांनी ओळखता येणार नाही. तिथे सिद्धतेवरच विसंबावं लागतं.

एक बारीक गोष्ट. साध्या चालीत सम आणि विषम क्षण एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून वरच्या प्रक्रियेचा सम भाग आणि विषम भाग एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र निघतात. ते नको असेल तर काही शक्यतेने जागीच थांबणारी चाल घ्या. दर तोच राहतो, स्थिरांक बदलतो.

अवकलिका

फार सुंदर. पहिल्या भेटीचा क्षण धरून मोजलं तर आणखी सोपं रूप मिळतं, कुठल्याही परत येणाऱ्या साखळीला लागू पडणारं. परतीचा काळ ट असेल तर

ब(न)^अल्फा = Σ (क = ० ते न−१) शक्यता(ट > क)

ट ची शेपूट क^(−बीटा) सारखी असेल, बीटा ० ते १ मध्ये, तर ब(न) न^((१−बीटा)/अल्फा) ने वाढतो. एका मितीतली चाल म्हणजे बीटा = १/२. दर पाहिजे तसा बसवता येतो, म्हणून प्रयोगाला ही साखळी सर्वांत सोयीची.

सांख्यिक

याच साखळीचं सिम्युलेशन पायऱ्यांनी देतो. लेपाज मालिका, म्हणजे पॉसाँ क्षणांच्या घातांची बेरीज घेऊन स्टेबल मूल्यं तयार करणारी मालिका, वापरायची. मालिका अनंत पदांची घेतली तर न मूल्यांचं संयुक्त वितरण तंतोतंत येतं, अंदाज फक्त पदं तोडण्यात आहे.

१. शक्यता(ट > क) = (क+१)^(−बीटा) घ्या. मग ट काढणं एका ओळीचं: ० ते १ मधली एकसमान संख्या व घ्या, तिचा (−१/बीटा) घात करा, अपूर्णांक टाकून द्या.

२. ब(न)^अल्फा म्हणजे १ ते न पर्यंतच्या इ^(−बीटा) ची बेरीज. न = १०,००० आणि बीटा = ०.३ ला ती सुमारे ९००, बीटा = ०.७ ला सुमारे ५०.

३. गॅमा(१), गॅमा(२), … हे एकक दराच्या पॉसाँ प्रक्रियेचे येण्याचे क्षण: सरासरी १ च्या एक्स्पोनेन्शियल संख्या एकामागून एक मिळवत जायच्या.

४. प्रत्येक ज साठी पहिल्या भेटीचा क्षण निवडा. क्षण क ला वजन (क+१)^(−बीटा) भागिले ब(न)^अल्फा. एकसमान वजन देऊ नका. तसं दिलं तर प्रक्रिया स्टेशनरी राहत नाही, शेवटच्या भागात मूल्यं फुगलेली दिसतात आणि कारण पटकन सापडत नाही.

५. पहिल्या भेटीनंतर ट मिळवत पुढच्या भेटी काढा, न ओलांडला की थांबा. या क्षणांच्या संचाला स(ज) म्हणू.

६. प्रत्येक ज ला +१ किंवा −१ असं समशक्य चिन्ह द्या. मग क्ष(क) = क^(१/अल्फा) · ब(न) · Σ चिन्ह(ज) · गॅमा(ज)^(−१/अल्फा), बेरीज फक्त त्या ज वर ज्यांच्या स(ज) मध्ये क्षण क आहे. कंसाबाहेरचा पहिला क म्हणजे घातांक यांचा शेपटीचा स्थिरांक, क्षण नव्हे.

किती पदं घ्यायची यावर बहुतेकांचं गाडं अडतं. एखादा क्षण एका संचात असण्याची शक्यता १/ब(न)^अल्फा. म्हणजे बीटा = ०.३ ला १०,००० पदं घेतली तरी प्रत्येक क्षणाला सरासरी ११ च पदं लागतात; बीटा = ०.७ ला २००. अल्फा = १.५, बीटा = ०.३ साठी टाकून दिलेल्या पदांचं प्रमाण विचलन सुमारे ०.६३ येतं, आणि महत्तमाचा मध्यक सुमारे ६४. त्यामुळे महत्तमाला धक्का लागत नाही. पण एका मूल्याचं स्केल १ च आहे, त्यामुळे वितरणाच्या मधल्या भागात ०.६३ ही मोठी तूट आहे. अशा मालिकेवरून हिस्टोग्राम काढून अल्फा तपासू नका.

अल्फा २ च्या जवळ गेला की परिस्थिती पार बिघडते. ज^(−२/अल्फा) ची १०,००० नंतरची बेरीज अल्फा = १.२ ला ०.००३ आहे, अल्फा = १.९ ला ११.७! पहिलं पद १ धरून हे आकडे आहेत. १.९ ला १०,००० पदं घेऊनही वितरणाचा बहुतेक गाभा बाहेरच राहतो. उपाय म्हणजे टाकलेला भाग नॉर्मल प्रक्रियेने भरायचा, पण प्रत्येक क्षणाला स्वतंत्र नॉर्मल आकडा मिळवणं चूक आहे. टाकलेली पदंही त्याच साखळीवर चालतात, म्हणून त्यांचा ह अंतरावरचा कोरिलेशन म्हणजे भेट झाल्यावर ह क्षणांनी पुन्हा भेट होण्याची शक्यता. ती ह^(बीटा−१) सारखी विझते. तोच कोरिलेशन ठेवून नॉर्मल प्रक्रिया तयार करा.

त्रिज्या

सांख्यिक, याच कृतीने बीटा = ०.३ ला म(न)/ब(न) चं वितरण फ्रेशेवर छान बसतं. बीटा = ०.७ ला वरची शेपूट जुळते, पण मध्यक आणि खालचे चतुर्थक फ्रेशेपेक्षा स्पष्ट वर येतात. पदं वाढवली तरी तसंच. कोडमध्ये चूक आहे का?

बिंदुमाला

कोड बरोबर दिसतोय. बीटा १/२ ओलांडला की सीमावितरण फ्रेशे राहतच नाही.

फ्रेशे यायला 'एकच मोठा धक्का' हे तत्त्व लागतं: दोन वेगवेगळ्या मोठ्या पदांचे संच एकाच क्षणी भेटण्याची शक्यता शून्याकडे जायला हवी. दोन संच एकत्र असणाऱ्या क्षणांची अपेक्षित संख्या न / ब(न)^(२·अल्फा), म्हणजे न^(२·बीटा − १) च्या क्रमाची. बीटा = ०.३ ला ती न^(−०.४) ने आटते. बीटा = ०.७ ला न^(०.४) ने वाढते. मग सर्वांत मोठं आणि दुसऱ्या क्रमांकाचं पद कुठल्यातरी क्षणी एकत्र येऊ शकतं, चिन्ह सारखं असेल तर दोघांची बेरीज होते, आणि महत्तम एकट्या पदापेक्षा वर जातो.

किती पदं एकत्र येऊ शकतात तेही ठाऊक आहे. सीमेत हे संच बीटा मितीचे यादृच्छिक संच होतात आणि असे ल स्वतंत्र संच एकमेकांना छेदायला ल < १/(१−बीटा) असावं लागतं. बीटा = ०.७ ला १/०.३ = ३.३३, म्हणजे जास्तीत जास्त ३. बीटा = ०.९ ला १/०.१ = १० नेमका, ल त्याहून कमी हवा, म्हणून ९. हा भाग सामोरोदनित्स्की आणि यिझाओ वांग यांनी तपशिलात उलगडला आहे.

वरची शेपूट का जुळते, तर अतिशय मोठं मूल्य शेवटी एकट्या गॅमा(१) च्या पदातूनच येतं. त्यामुळे ९९ टक्क्यांच्या पुढे जुळणी तपासली तर चूक लक्षात येणारच नाही. तपासणी मध्यकावर आणि त्याच्या खाली करा.

बीटा = १/२ ला वरचा घात शून्य होतो, पण भेटी झाल्या की एकापाठोपाठ होतात, त्यामुळे भेट होण्याची शक्यता १/लॉग न च्या क्रमाने का होईना, विझते. सीमा फ्रेशेच, पण तिथे पोचणं अतिशय संथ. न = १०,००० ला साध्या चालीवर फरक दिसला तर दचकू नका.

घातांक (धागाकर्ता)

उत्तम. आता ब(न) स्वतःच दगा देतो ते उदाहरण मी जोडतो, नाहीतर ब(न) म्हणजेच दर असा समज व्हायचा.

हार्मोनायझेबल प्रक्रिया घ्या: कर्नल ई^(आय·क·स), स हा ० ते २पाय मध्ये एकसमान, आणि प्रक्रियेचा वास्तव भाग. कर्नलची निरपेक्ष किंमत कायम १, म्हणून ब(न) कधीच वाढत नाही. म(न) सुद्धा वाढत नाही का?

अल्फा १ पेक्षा कमी असेल तर नाही. पदांची निरपेक्ष बेरीज Σ गॅमा(ज)^(−१/अल्फा) सांतच असते, म्हणून म(न) एका यादृच्छिक पण सांत मर्यादेकडे चढतो आणि थांबतो. अल्फा १ ते २ मध्ये असेल तर वाढतो. न क्षणांत साधारण लॉग न इतक्या लहरींच्या फेजा एका दिशेला जुळवता येतात. त्यांची बेरीज Σ ज^(−१/अल्फा), ज = १ ते लॉग न, म्हणजे (लॉग न)^(१ − १/अल्फा). उरलेल्या लहरी न क्षणांवरच्या नॉर्मलसारख्या वागतात. त्यांचं योगदान √(लॉग न · Σ ज^(−२/अल्फा)), आणि तेही (लॉग न)^(१ − १/अल्फा) च्याच क्रमाचं निघतं. अल्फा = १ ला लॉग लॉग न.

सर्वसाधारण निकालात अट याच रूपात येते. अल्फा १ पेक्षा कमी असेल तर ब(न) ने भागून म(न) आटोक्यात राहतो. अल्फा १ किंवा जास्त असेल तर त्यासाठी ब(न) निदान वरच्या लॉगच्या वेगाने वाढत असला पाहिजे. साखळीची सगळी उदाहरणं न च्या घाताने वाढतात, म्हणून त्यांना ही अट आपोआप लागू पडते.

सब-गॉसियन प्रक्रियेचंही इथेच सांगून टाकतो. एका धन (अल्फा/२)-स्टेबल चलाचं वर्गमूळ गुणिले प्रमाण नॉर्मलची स्वतंत्र मूल्यं. म(न) ≈ ते वर्गमूळ · √(२ लॉग न). एकाच मार्गावर पाहाल तर सरळ नॉर्मल दिसेल, जड शेपूट फक्त वेगवेगळे मार्ग एकत्र ठेवल्यावर दिसते. एका लांब मार्गावरून अल्फा काढायचा प्रयत्न इथे मुळातच फोल आहे.

सांख्यिक

सिम्युलेशनवरून दर मोजणाऱ्यांसाठी थोडं.

एकाच मार्गाचा धावता महत्तम लॉग-लॉग कागदावर काढून त्याचा चढ घेऊ नका. तो पायऱ्यांचा आलेख असतो, मधे बराच काळ सपाट, मग एकदम उडी. अल्फा = १.५ ला एकाच न साठी फ्रेशेचा ५ टक्के ते ९५ टक्के पल्ला १५ पटींचा आहे. न दुप्पट केल्यावर मध्यक वाढतो फक्त १.५९ पट. एका मार्गावर हा संकेत गोंगाटात बुडून जातो.

प्रत्येक न साठी स्वतंत्र मार्ग घ्या आणि लॉग म(न) ची सरासरी काढा. म(न) ची सरासरी नको, अल्फा १ किंवा कमी असेल तर ती अनंतच असते. लॉगचं प्रमाण विचलन पाय/(√६ · अल्फा), १.५ ला ०.८५५. न = १००० आणि न = १,००,००० ला प्रत्येकी ४०० मार्ग घेतले तर चढाची प्रमाण त्रुटी सुमारे ०.०१३. स्वतंत्र मूल्यांचा चढ ०.६६७ आणि बीटा = ०.३ चा ०.४६७, त्यामुळे दोघे स्पष्ट वेगळे पडतात. बीटा मोठा असेल तर ब(न) च्या बेरजेतलं दुय्यम पद लहान न ला चढ बिघडवतं. बीटा = ०.७ ला न^०.३/०.३ म्हणजे ५२.८, पण खरी बेरीज ५०. म्हणून लॉग न ऐवजी लॉग ब(न) समोर चढ काढा, तो १ यायला हवा.

अल्फा माहीत नसेल तर हिल अंदाजक (सर्वांत मोठ्या मूल्यांवरून शेपटीचा घातांक काढणारा) २ च्या जवळच्या स्टेबल डेटावर वापरू नका. शुद्ध घाताची शेपूट फार दूर सुरू होते, आणि अंदाजक २ पेक्षा मोठे आकडे देऊन वितरण स्टेबल नाहीच असं भासवतो. त्यापेक्षा प्रायोगिक कॅरॅक्टरिस्टिक फलन घ्या. लॉग(−लॉग |फाय(टी)|^२) विरुद्ध लॉग टी ही सरळ रेषा येते आणि तिचा चढ म्हणजे अल्फा. टी चे बिंदू निवडण्याआधी डेटा स्केलने भागून घ्या, नाहीतर रेषेचं एक टोक गोंगाटात जातं.

स्वतंत्र मूल्यं तयार करायला चेंबर्स, मॅलोज आणि स्टक यांची १९७६ ची रीत पुरेशी आहे. दोन गोष्टी सांभाळा. त्या सूत्रात अल्फा = २ घातला तर व्हेरिअन्स १ नव्हे, २ येतो; तुलनेसाठी नॉर्मल वापरताना हा फरक राहून जातो. आणि अल्फा ०.०१ सारखा लहान असेल तर कोसाइनचा १/अल्फा घात दुहेरी अचूकतेतही ओव्हरफ्लो करू शकतो. निरपेक्ष किमतीचा लॉग थेट काढा, महत्तमाला तेवढाच लागतो.

त्रिज्या

बिंदुमाला, तुमचं बरोबर होतं. मध्यकाखालचे चतुर्थक पाहिल्यावर बीटा = ०.३ आणि ०.७ मधला फरक अगदी उघड आहे.

याच धर्तीवर दोन निर्देशांकांच्या क्षेत्रांसाठी काही आहे का? न × न चौकोनावरचा महत्तम?

अवकलिका

आहे. लेखक पार्थनील रॉय आणि सामोरोदनित्स्की, २००८. डिसिपेटिव्ह असेल तर म(न) न^(२/अल्फा) ने वाढतो, कारण चौकोनात न^२ बिंदू आहेत. कन्झर्व्हेटिव्ह असेल तर त्याहून हळू. तिथे आणखी एक गोष्ट येते: समूहाचा काही भाग कर्नलवर काहीच परिणाम करत नसेल तर मिती तेवढ्याने घटते, आणि घातात खरी मिती न येता ही परिणामी मिती येते.

हाताने करता येईल असं उदाहरण: क्ष(इ, ज) = झ(२इ − ३ज), झ स्वतंत्र स्टेबल. (३, २) या दिशेने सरकलं तर काहीच बदलत नाही, म्हणून परिणामी मिती १. इ आणि ज ० ते न−१ असताना २इ − ३ज हा −३(न−१) पासून २(न−१) पर्यंत जातो, आणि दोन्ही टोकांजवळचे मोजके पूर्णांक सोडले तर मधला प्रत्येक येतो. म्हणजे न^२ बिंदूंवर वेगळी मूल्यं जेमतेम ५न, आणि म(न) चा क्रम (५न)^(१/अल्फा). न = १०० आणि अल्फा = १.५ ला ५००^(२/३), सुमारे ६३. सगळे १०,००० बिंदू स्वतंत्र धरून हिशेब केला असता तर ४६४ आला असता.